पोच घेतल्याशिवाय उठू नका

अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण सांगते की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी वंश, रंग किंवा राष्ट्रीय मूळ बघून कोणाशी भेदभाव करायचा नाही. धर्माचा उल्लेख त्यात नाही. त्यामुळे छळाची तक्रार घेऊन आलेल्या ज्यू विद्यार्थ्यापुढे शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाला हात झटकता येत होते: धर्माचा विषय आमच्याकडे नाही. २००४ साली या कार्यालयाचा कारभार केनेथ मार्कस यांच्याकडे होता. त्यांनी पत्र काढले. ज्यू, शीख, मुसलमान यांचा छळ त्यांच्या वंशपरंपरेवरून होत असेल, तर तो या कायद्यात बसतो, असे त्यात म्हटले. २०१०मध्ये ओबामा सरकारनेही तीच भूमिका घेतली. पुढे मार्कसनी न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्या नावाने केंद्र काढून हेच काम हाती घेतले. ऑक्टोबर २०२३मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला, त्यानंतर दाव्यांचा धडाका लागला. न्यूयॉर्क विद्यापीठाने जुलै २०२४मध्ये तडजोड केली, हार्वर्डने जानेवारी २०२५मध्ये.

या लढ्यातले सगळेच मला पटत नाही. इस्रायल सरकारवर टीका करणाऱ्या विद्यार्थ्याला ज्यूद्वेष्टा ठरवण्याचे प्रकार तिथे झाले आहेत, आणि ते चूक आहेत. सरकारवरची टीका वेगळी, विद्यार्थ्याची वाट अडवणे वेगळे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांना आवाराच्या काही भागात जाऊ दिले गेले नाही, तेव्हा ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीशांनी थेट विद्यापीठालाच जबाबदार धरले आणि मनाई हुकूम दिला. मला यातून घ्यायची आहे ती पद्धत. अन्याय झाला की तो कागदावर आणायचा, कलम शोधायचे, संस्थेला उत्तर द्यायला लावायचे.

महाराष्ट्रात ज्यूंवर अशी वेळ आली नाही. कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएली, आपल्यात मिसळून राहिले, मराठी बोलले. त्यांच्या मुलांसाठी हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत शाळा काढली. ती आज माझगावला आहे आणि तिथे बहुतेक मुले मुसलमान घरांतली शिकतात. २०१६ साली राज्याने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. या सगळ्याचा अभिमान वाटावा असेच हे आहे. मात्र तो मिरवण्याआधी आपल्याच तालुक्यातल्या वर्गात शेवटच्या बाकावर कोण बसते, ते बघून यावे.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत पारध्यांची पाले आहेत. कुठे गायरानात, कुठे गावाबाहेर ओढ्याच्या कडेला. इंग्रजांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवायची सोय झाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून गेला. संशय मात्र गेला नाही, तो गावात राहिला, चौकीत राहिला आणि शाळेतही येऊन बसला.

वर्गात कोणाचे पैसे हरवले की पहिले दप्तर कोणाचे उपडे होते, हे इथल्या कुठल्याही मास्तरांना माहीत आहे. मुलगी उभी राहते. तिच्यासमोर तिची पाटी, दोन वह्या, दोरा बांधलेली पेन्सिल आणि फडक्यातली भाकरी फरशीवर येते. पैसे सापडत नाहीत. मास्तर म्हणतात, भर परत. ती भरते. चाळीस मुले बघत असतात. मग पैसे दुसऱ्याच कोणाच्या कंपासपेटीत निघतात आणि त्या मुलाला कोणी उभे करत नाही. काळे, भोसले, पवार, चव्हाण ही आडनावे पारध्यांत आहेत तशी मराठ्यांतही आहेत, म्हणून हजेरीवरून काही कळत नाही. कळते ते पत्ता विचारल्यावर. ही मुलगी आठ दिवसांनी शाळेत यायची बंद होते आणि शाळा तिला शाळाबाह्य म्हणून नोंदवते. शाळेने तिला बाहेर घालवले, हे त्या रकान्यात लिहायची सोय नाही.

आणि हे सगळे त्या दौंड तालुक्यात, जिथे केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना आणून शिकवले!

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याची आठवी आणि नववी कलमे सरकार आणि स्थानिक प्राधिकरणावर जबाबदारी टाकतात: दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलाशी शाळेत भेदभाव होता कामा नये. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे चौदावे कलम. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी, हे सतरावे. दप्तर उपडे करून चाळीस मुलांसमोर भरायला लावणे हा मानसिक छळ नसेल, तर मग कशाला म्हणायचे? बत्तिसावे कलम सर्वांत कामाचे. मुलाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार आली की स्थानिक प्राधिकरणाने दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. कायदा स्पष्टपणे लेखी म्हणतो. पालावरची आई पंचायत समितीत जाते, साहेबांसमोर हात जोडते, रडते आणि घरी येते. तिची तक्रार झालीच नाही, कारण कागद नाही.

अट्रॉसिटीचा कायदा आहेच, पण इथे एक खड्डा आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, त्यांना १९८९च्या कायद्याचे संरक्षण मिळते. पाल पारधी आणि राज पारधी मात्र राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत, आणि विमुक्तांना अट्रॉसिटी लागू नाही. रामोशी, कंजारभाट तसेच. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि आपल्याकडे विमुक्तांत. दोन पाले शेजारी, दोन्ही पालांवरच्या मुलांना एकच शिवी, आणि गुन्हा दाखल होतो एकाच मुलाचा! अमेरिकेत असाच खड्डा शिक्षण खात्याच्या एका पत्राने बुजवला. आपल्याकडे भटक्या-विमुक्तांसाठी रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला, अहवाल आले, खड्डा तसाच आहे.

फासेपारध्याची वाटही सरळ नाही. दाखल्यासाठी कुटुंब ६ सप्टेंबर १९५०पूर्वी महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१. ज्याला सातबारा नाही, घरपट्टी नाही, ज्याच्या आज्याचे नाव शाळेच्या पटावर कधी लागले नाही, त्याने हा पुरावा कुठून आणायचा? त्या पिढीचे नाव सरकारने नेमाने लिहिले ते पोलिसांच्या हजेरीवहीत. गुन्हेगार म्हणून नोंद करताना कागद कमी पडला नाही, विद्यार्थी म्हणून नोंद करताना तो मागितला जातो. मला याचा संताप येतो.

कोर्टात गेलेल्यांच्या हाती काही लागते का? लागते. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांमधून सरकारी किंवा अनुदानित शाळेजवळच्या खासगी शाळांना सोडवणारी दुरुस्ती राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये केली होती. लोक उच्च न्यायालयात गेले, मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि जुलैमध्ये ती दुरुस्ती रद्द झाली. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध याचिका केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली तशी कलमे रद्द केली, विमुक्तांना जन्मतः सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही त्यात होत्या. मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी जातीच्या छळाच्या आरोपांमागे जीव दिल्यानंतर त्यांच्या आई आबेदा तडवी यांनी, हैदराबादच्या विद्यापीठात असाच गेलेल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका यांच्यासोबत २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, उच्च शिक्षणातल्या जातीच्या छळावर उपाय मागितला. दोन आयांनी हे केले. विद्यापीठांनी आपणहून केले नव्हते.

पालावरच्या माणसाने वकील कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७चा कायदा बाराव्या कलमात सांगतो की अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि मुलाला मोफत वकील मिळेल. विमुक्ताच्या मुलाला इथे जातीचा दाखला लागत नाही, तो मूल आहे एवढे पुरे. तालुका विधी सेवा समितीचे काम न्यायालयातूनच चालते. ती जागा पालावर कोणाला ठाऊक नाही, कारण समितीची शिबिरे होतात ती सभागृहात. फलक, हारतुरे, फोटो होतात आणि पालावरचे माणूस त्या फोटोत नसते.

शिरूर आणि दौंडच्या वकील मंडळींना माझे सांगणे आहे. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा एक शिबिर पालावर घ्या. बत्तिसाव्या कलमाखालच्या अर्जाचा एक साधा मराठी नमुना तयार करा: मुलाचे नाव, शाळा, तारीख, काय घडले, कोणासमोर घडले. आईचा अंगठा घ्या. दोन प्रती काढा. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात एक द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागा. बाबू म्हणेल, ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील. तिथून उठू नका. पोच मिळाली त्या दिवसापासून तीन महिने मोजले जातात, आणि अपिलाला जोडायला हाच कागद लागतो.