पॅसिफिककाठची भावकी

चिपळूणच्या माणसाला धबधबा दाखवायला नेणं म्हणजे हलवायाच्या घरी पेढे घेऊन जाण्यासारखं आहे. आमच्याकडे पावसाळा लागला की धबधबाच माणसाकडे येतो. सवतसडा मुंबई-गोवा हायवेवरून एसटीच्या खिडकीतून दिसतो. तिकीट प्रवासाचं, धबधबा वरकड. आंबोलीत तर त्याला पायऱ्या बांधल्यात आणि पाठ धबधब्याला लावून समोरची कांदाभजी खाता येतात.

अशा माणसाला कॅलिफोर्नियात ओकलंडजवळ राहणाऱ्या लेकीने मार्चमध्ये सांगितलं, "बाबा, शनिवारी धबधबा बघायला जाऊ. जाऊन-येऊन 13 मैल."

"म्हणजे पंधरा-वीस मिनिटं," मी म्हटलं.

"गाडीने दीड तास. 13 मैल त्यानंतर. चालत."

13 मैल म्हणजे 21 किलोमीटर. 21 किलोमीटर माणूस नवस फेडायला चालतो. या धबधब्याला मी काहीही बोललेलो नव्हतो. पण तोंड उघडायच्या आत आमच्या हिने "दशम्या करू की थालीपिठं?" असं विचारून ठराव पास करून टाकला.

धबधब्याचं नाव अलामिअर. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॉइंट रेयेस नावाचा समुद्रात घुसलेला भूभाग आहे, तिथला. 1962 मध्ये सरकारने हा किनारा राखीव केला, म्हणून अजून तिथे रिसॉर्ट नाही, आणि त्याच कारणाने टपरीही नाही. जावयाने वाटेत ओलेमाजवळ गाडी थांबवून एक लाकडी कुंपण दाखवलं. कुंपण सरळ येतं, मध्येच तुटतं आणि बाजूला सरकून पुन्हा सुरू होतं. 1906 च्या भूकंपात इथली जमीन फाटली आणि कुंपणाचा अर्धा भाग 15 फुटांहून जास्त सरकला. या भेगेच्या पलीकडचा सगळा पॉइंट रेयेस पॅसिफिकच्या तबकावर बसून वायव्येकडे निघालेला आहे.

मला गहिवरून आलं. चुलतभावाचा आणि माझा हातभर बांधावरून वाद आहे. त्याचं म्हणणं, बांध मी सरकवला. माझं म्हणणं, त्याने. भूकंपाची शक्यता आम्ही दोघांनीही कधी तपासली नव्हती.

पुढे बोलिनास नावाचं गाव लागतं, म्हणजे लागतं असं ऐकून होतो. आपल्या गावात गर्दी नको म्हणून हायवेवरची गावाची पाटी गावकरीच काढून नेत, अशी त्याची ख्याती. शेवटचा मैलभर रस्ता कच्चा आणि खड्ड्यांचा निघाला, तेव्हा मला अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

पालोमारिन नावाच्या ठिकाणी गाडी ठेवून चालायला लागलो. आधी निलगिरीची झाडं, मग कड्याच्या अंगाने जाणारी वाट. डावीकडे खाली पॅसिफिक. आमच्या अरबी समुद्राचा पावसाळ्याबाहेर एक घरगुती स्वभाव असतो, माणूस पायजमा वर करून त्यात उभा राहू शकतो. हा समुद्र ऐन उन्हातसुद्धा बर्फाच्या लादीवरून आल्यासारखा थंड, आणि एकेक लाट जप्तीची नोटीस घेऊन आल्यासारखी कड्याला थडकते. वर टेकड्या हिरव्यागार. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे धबधबा बघायचा तो आपल्या शिमग्याच्या सुमाराला. होळीच्या दिवसांत धबधबा, ही कल्पना पचायला मला पहिले दोन मैल लागले.

पुढचे दोन मैल काही पचण्याच्या पलीकडचे होते. ही माझ्या पुढे. नातू, वय वर्षं आठ, तिच्या पुढे. समोरून येणारी माणसं हसून म्हणत, "जवळच आहे!" यावरून खोटं बोलण्याची पद्धत जगभर सारखीच असते हे कळलं. कोकणात 'हे काय, पुढच्या वळणावर' म्हणणाऱ्याचं वळण दोन कोसांवर असतं. वाटेत एक तळं लागलं, मग दुसरं. दुसऱ्याच्या काठी थालीपिठं संपली आणि माझी हौसही.

तेवढ्यात मला शॉर्टकट दिसला. झुडपांतून जेमतेम एक माणूस जाईल अशी चोरवाट उजव्या हाताच्या मुख्य वाटेला सोडून थेट समुद्राकडे उतरत होती. लेक म्हणाली, ही धबधब्याच्या माथ्यावर जाते, पण पुढे कडा उतरावा लागतो. तो दगड म्हणजे फुटक्या कौलांची रास, पाय ठेवला की सुटते. माणसं पडतात, म्हणून पार्कवाले ही वाट वापरू नका म्हणतात. अधिकृत वाट वाइल्डकॅट कॅम्पवर उतरते, आणि तिथून वाळूवरून मैलभर मागे यायचं. म्हणजे धबधबा ओलांडून पुढे जायचं आणि मग त्याला भेटायला परत यायचं. हे मला सरकारी कचेरीसारखं वाटलं. "पाट्या घाबरटांसाठी असतात," मी म्हटलं.

"आजोबा, अलाउड नाहीये," असं म्हणून नातवाने माझ्या बेतात बिब्बा घातला. हा वाक्प्रचार मी सहज वापरलाय, पण लक्षात ठेवा.

शॉर्टकट हुकला तरी त्याच्या तोंडाशी मला एका खाजगी कामासाठी थांबावं लागलं. बाकीचे पुढे गेले. मी झुडपात शिरलो. उतारावर तोल जाऊ नये म्हणून एक फांदी घट्ट धरली. फांदी मोठी देखणी होती. तीन-तीन पानांचा झुबका, पानं तुकतुकीत, कोवळी पालवी तांबूस, अगदी आंब्याची फुटते तशी. परक्या मुलुखात कुणीतरी हात दिला असं वाटलं. मी तिला मनातल्या मनात धन्यवादही दिले.

वाळूवर उतरायच्या आधी प्रश्न ओहोटीचा. भरतीला समुद्र कड्याला टेकतो आणि वाट बुडते. जावयाने मोबाइल काढला. मी बोटं काढली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अष्टमी, म्हणजे भरती सहाला, ओहोटी बाराला. मोबाइल म्हणाला, एक. "बघा बाबा, तासाचा फरक," जावई म्हणाला. मी त्याला आठवण करून दिली की गेल्याच आठवड्यात त्यांच्या सरकारने सगळी घड्याळं एक तास पुढे ढकललीत. समुद्राला कुणी कळवलं नसणार. जावई गप्प झाला. 13 मैलांत मी जिंकलेली ही एकमेव गोष्ट.

आणि मग धबधबा आला. उंचीला जेमतेम तीस-चाळीस फूट. आमच्याकडे एवढ्याला पऱ्ह्या म्हणतात. टोमणा तोंडात तयार होता, पण तो तिथेच राहिला. कारण पाणी कड्यावरून सुटून सरळ वाळूवर पडत होतं, आणि वाळूवर बोटभर खोलीचे पाच-सहा फाटे करून पन्नास पावलांत समुद्रात जात होतं. आमचं सह्याद्रीचं पाणी समुद्राला मिळायचं म्हणजे केवढा संसार! वाशिष्ठी घाटातून उतरणार, चिपळूणला वळसा घालणार, मनात आलं तर बाजारपेठेत शिरून दुकानांच्या पहिल्या मजल्याची चौकशी करणार, मग गोवळकोट, मग दाभोळची खाडी. इथे पॅसिफिक हा ठिसूळ कडा इतक्या वेगाने खातो की ओढ्याला स्वतःची दरी कोरून खाली यायला वेळच मिळत नाही. तो अधांतरी लोंबकळतो आणि उडी मारतो. एक पाय गोड्या पाण्यात आणि एक खाऱ्यात ठेवून मी उभा राहिलो. दोन्ही पाय बधिर झाले. ही म्हणाली, "अहो, काहीतरी बोला." मी म्हटलं, "भजी हवी होती." तिला कळलं की मला आवडलंय.

परतीच्या वाटेबद्दल मी लिहिणार नाही. ती माझ्या गुडघ्यांनी स्वतंत्रपणे लिहिली आहे.

सोमवारी सकाळी उजवा हात लाल. दुपारी फोड. संध्याकाळपर्यंत खाज इतर काही ठिकाणी पोचली, कारण ते खाजगी काम मी त्याच हाताने उरकलं होतं. हिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "बिब्बा उतलाय."

"आई, कॅलिफोर्नियात बिब्बा कुठला?" लेकीने मोबाइलवर फोटो शोधला. तीन पानं, तुकतुकीत, तांबूस पालवी. पॉयझन ओक. नावात ओक असला तरी तो ओक नव्हे. त्याचं कुळ आंब्याचं. म्हणजे आंबा, काजू, बिब्बा आणि हा, सगळे एकाच घराण्यातले. आंब्याचा चीक ओठाला लागतो, काजूच्या टरफलाचं तेल हाताची सालं काढतं, बिब्बा उततो आणि हा पॅसिफिकच्या काठी फांदी पुढे करून उभा राहतो. तुकतुकीत पानांना सजातीय ओळखून मी हात दिला होता, त्यात माझी चूक तेवढीच.

अंगाला गुलाबी कॅलामाइन फासून बसलो असताना चुलतभावाचा फोन आला. बांधाच्या तारखेबद्दल. जाता जाता त्याने विचारलं, "मग, तिकडे कोण आपलं माणूस भेटलं की नाही?"

"भेटलं," मी म्हटलं. "गोडीने हात पुढे केला. आता पंधरा दिवस खाजवतोय."

"मग आपल्यातलंच," तो म्हणाला.