पुढील स्टेशन, वासावरून

गंधाच्या अर्थावर पीएच.डी. करणारी मंडळी पाहुणी संशोधक म्हणून युरोपात जातात, त्याला कारण आहे. आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट या युरोपातल्या संशोधकांनी 2014 साली दाखवून दिलं, की मलाय द्वीपकल्पातले जहाई लोक वासाचं नाव रंगाइतक्याच सहज सांगतात. इंग्रजी बोलणारे मात्र दालचिनी हुंगूनही चाचपडत राहतात.

अशा एखाद्या अभ्यासकाला उलट इकडे आणावं आणि कल्याणहून बदलापूर लोकलमध्ये चढवावं. (बसायला जागा मिळेल, असं आश्वासन देऊ नये.)

फाळणीनंतर सिंधी निर्वासित या वाटेवरच्या ज्या लष्करी छावणीत उतरले, तिचं 1949 साली उल्हासनगर झालं. पत्ते अजून कॅम्प नंबरावरच चालतात. सकाळी तिथे दाल-पकवानची कढई चढते. तेल आजचं की परवाचं, हे जुनं गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडूनच ओळखतं आणि त्याप्रमाणे रस्ता ओलांडतं किंवा ओलांडत नाही.

मग वालधुनी नदी. ती दिसायच्या आधी येते. गप्पा थांबत नाहीत, रुमाल तेवढे वर जातात.

याच नदीकाठी अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की ओला दगड, बेल, कापूर; वर आलं की कारखान्यांचं सांडपाणी पोटात घेतलेली नदी. न्यायशास्त्राने गंधाचे सुरभी आणि असुरभी असे दोनच प्रकार मानले. ते कुणीतरी इथेच उभं राहून ठरवलं असावं, असा दाट संशय येतो.

जहाईंचा अभ्यास छापून आला त्याच वर्षी कुणीतरी वालधुनीत घातक रसायन ओतलं आणि उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वास घेणं मुश्कील झालं. तेव्हापासून इकडे रात्रीचा वास कुणी हसण्यावारी नेत नाही. 2021 च्या जूनमध्ये बदलापुरात वायुगळती झाली, तेव्हाही लोक नाकावर विसंबूनच घराबाहेर पडले.

त्यामुळे बदलापुरात रात्री अकराला सोसायटीच्या ग्रुपवर ‘वास येतोय का?’ असा प्रश्न पडला, की तज्ज्ञ जागे होतात. बी विंगला सडक्या अंड्याचा येतो, सी विंगला कोबीचा. स्वयंपाकाचा गॅस मुळात बिनवासाचा, त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात, हे एक निवृत्त केमिस्ट पुन्हा एकदा समजावून सांगतात. कुणी अग्निशमन दलाचा नंबर शोधतं.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लिहितात, ‘‘अहो, सुके बोंबील भाजतेय. जागेच असाल तर या.’’