साहेबांचा खास माणूस

धावड्याच्या स्टँडवर सकाळी नऊच्या सुमाराला कडक इस्त्रीचा एक पांढरा शर्ट उगवतो. त्यातला माणूस म्हणजे साहेबांचा खास माणूस. साहेब म्हणजे रावसाहेब दानवे. भोकरदन तालुक्यात साहेब पुष्कळ आहेत, पण ‘कोणते?’ याचा खुलासा बाकीच्यांनाच करावा लागतो.

जवखेड्याच्या सरपंचकीपासून निघालेले साहेब १९९० आणि १९९५ ला आमदार झाले, १९९९ पासून लागोपाठ पाच वेळा खासदार, मधेच भाजपचे प्रदेशाध्यक्ष, २०२१ ला रेल्वे राज्यमंत्री. खास माणसाचं आयुष्यही याच पंचांगावर चालतं. लग्न पहिल्या आमदारकीत, थोरली पोरगी दुसरीत. ट्रॅक्टर पहिल्या खासदारकीत, हप्ते पाचवीपर्यंत.

त्याची खरी कला मोबाइलवर दिसते. कुणाचं तहसीलात काम अडलं, की तो चारचौघांत पीएला फोन लावतो. पीए ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवून देतो. हा मात्र थांबत नाही. ‘हो हो... नाही, माणूस आपलाच आहे... साहेबांना माझा नमस्कार सांगा,’ असं बंद फोनवर मिनिटभर बोलून खिशात टाकतो. ‘झालं समजा.’ आणि अर्ज केलेलं काम कधीमधी आपोआप होतंच. मग चहा त्याच्या नावावर, बिल अर्जदाराच्या.

निवडणुकीत तो ‘आम्ही’ असतो. २००९ ला कल्याण काळेंशी लढताना जेमतेम आठ हजारांनी वाचलो, तेव्हा रात्रभर झोपलो नव्हतो, असं सांगताना त्याचे डोळे आजही तारवटतात. २०१९ ला तीन लाखांवर लीड घेतलं, ते अर्धं तर त्यानं एकट्यानं मोजलं होतं. रेल्वे खातं मिळालं तेव्हा तर गावात रेल्वे नसूनही रेल्वेचे प्रश्न त्याच्याकडे येऊ लागले. डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई वंदे भारत सुटली, तेव्हा दोन महिने तो तिकिटाचं ‘बघून’ देत होता. वेटिंग लिस्ट ती वेटिंग लिस्टच राहिली, पण सांगायचा, ‘पुढच्या वेळेस नक्की.’

मग २०२४ आलं. कांदा, सोयाबीन, कापसाचे भाव आणि अंतरवाली सराटीतून उठलेलं मराठा आरक्षणाचं आंदोलन. त्याच काळेंनी एक लाखाच्या वर मतांनी साहेबांना हरवलं. निकालाच्या संध्याकाळी स्टँडवर कुणीतरी विचारलं, ‘काय हो, पडलात का?’ हा शांतपणे म्हणाला, ‘साहेब पडले. मी कुठं उभा होतो?’

दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, जालना–जळगाव रेल्वेमार्गाला केंद्रानं मंजुरी दिली, तेव्हा मात्र पुन्हा ‘आम्ही’ झालं. ‘सर्व्हे आम्हीच करून ठेवला होता ना! हारलो म्हणून रूळ का उखडून नेतो?’ रूळ अजून पडायचे होते, हा भाग निराळा.

स्वतः तो एकदाच उभा राहिला, ग्रामपंचायतीच्या वॉर्डात, आणि पडला. साहेबांना लाखाचं लीड देणाऱ्याला आपल्या गल्लीतली मतं का जमली नाहीत, असं विचारलं तर म्हणतो, ‘लोकसभेला लोक देश पाहून मत देतात. वॉर्डात माझं तोंड पाहतात.’ एवढा परखड निकालविश्लेषक टीव्हीवरही सापडायचा नाही.

तरी हुरूप मोडत नाही. भोकरदनमधून साहेबांचे चिरंजीव संतोष दानवे २०१४ पासून आमदार आहेत, म्हणजे पंचांगाची सोय झालेली. जिल्हा परिषदेचं नाव निघालं, की स्टँडवर बॅनर लागतो: वर दिल्लीचे, मधे मुंबईचे, खाली ‘इच्छुक’ म्हणून हा, हात जोडून. गट महिलेसाठी सुटला तर ऐनवेळी धावपळ नको, म्हणून बॅनरवाल्याकडे वहिनींचा फोटोही आधीच देऊन ठेवलाय. वहिनींना अजून कळलेलं नाही.