काटा शून्यावरच? घाबरू नका!

जुन्या मोटारसायकलचा स्पीडोमीटर बंद पडला, की मालकाने सर्वप्रथम काहीही करू नये. ही पायरी बहुतेकांना उत्तम साधते, काहींना तर वर्षानुवर्षं साधलेली असते. काटा शून्यावर, गाडी साताऱ्याच्या वाटेवर! केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला 117 वा नियम म्हणतो, की चालकाला वेग दाखवणारं यंत्र गाडीवर हवं. शून्य हाही वेगच, असा युक्तिवाद हवालदारापुढे जरूर करावा. मात्र तेव्हा गाडी उभी असावी.

पुढची पायरी काच ठोकण्याची. तर्जनी वाकवून मीटरवर टकटक करावी, कान लावावा, पुन्हा टकटक करावी. टीव्हीला थापट मारून बातम्या पाहिलेल्या पिढीची या उपचारावर गाढ श्रद्धा आहे. गुण येत नाही, पण सिग्नलला वेळ बरा जातो.

यानंतर उतावळे लोक अख्खा मीटर बदलून मोकळे होतात, आणि काटा नव्या काचेआड शून्यावरच बसून राहतो. कारण मीटरमध्ये बिघडण्यासारखं फारसं नसतंच. चाक केबल फिरवतं, केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्शही होत नाही, तरी वाटीत भोवरा-प्रवाह उठून ती चुंबकामागे ओढली जाते आणि केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटीला जोडलेला काटा जिथे थांबेल तो वेग. ओटो शुल्झे या जर्मन गृहस्थाने 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं. ना बाहेरची वीज, ना बॅटरी.

तेव्हा आधी किलोमीटरचे आकडे पाहा. काटा मेला पण आकडे सरकताहेत, तर दोष मीटरचा. काटा थरथरतोय, तर केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी मुरगळली आहे. दोन्ही ठप्प असतील, तर खाली वाका. जुन्या गाडीचं दुखणं शंभरातल्या नव्वद वेळा खालीच असतं (हा आकडा शास्त्रीय नाही, गॅरेजमधल्या बाकड्यावरचा आहे).

मीटरखालची केबलची चकती पक्कडीत फडकं धरून सैल करा आणि आतली तार ओढा. वीतभर तुकडा हातात आला, तर अभिनंदन, रोग सापडला. उरलेली तार खालून काढा. तिच्यासोबत गंजाचं तांबूस पाणी येईल, ते पँटवर पडेल. तार नीट पाहिलीत तर दिसेल, की ती एकावर एक उलटसुलट पीळ दिलेल्या बारीक तारांची आहे आणि टोकं चौकोनी दाबलेली आहेत. ही टोकं झिजून गोल झाली, की तार जागच्या जागी फिरते, पुढे कुणाला फिरवत नाही. नवी केबल फारशी महाग नाही. जुनीच शाबूत निघाली तर रॉकेलने पुसून ग्रीस लावा, पण वरची वीतभर कोरडी ठेवा. फिरत्या तारेवरून ग्रीस चढत चढत मीटरमध्ये शिरतं आणि मग तोही खरोखर बिघडतो. मिस्त्री हे सांगणार नाही. ‘काका, भरपूर ग्रीस मारलंय!’ एवढंच सांगेल.

तार शाबूत असेल, तर पुढचं चाक उचलून फिरवा आणि ड्रममधली मीटरची गरारी फिरते का बघा. फिरत नसेल, तर या चाकाचं पंक्चर शेवटचं कधी काढलं ते आठवा. चाक बसवताना गरारी फिरवणाऱ्या चकतीचे दोन कान हबच्या खाचांत बसवावे लागतात. घाईत ते चेपले जातात. पंक्चरवाल्याकडे तक्रार नेऊ नये. तो ‘आधीपासूनच बंद होता’ म्हणेल, आणि पहिली पायरी निष्ठेने पाळल्यामुळे तुम्हाला ते नाकारता येणार नाही.

काटा हलला, की तो खरं बोलतो का हे तपासायचं. त्यासाठी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आहेतच: पिवळ्या डोक्याचे राष्ट्रीय महामार्गावर, हिरव्या डोक्याचे राज्य महामार्गावर. मागे बसणाऱ्याच्या हाती घड्याळ द्या. दोन दगडांमध्ये 90 सेकंद लागले तर वेग 40, 72 लागले तर 50, बरोबर मिनिट लागलं तर 60. मीटर थोडं जास्त दाखवत असेल तर दुरुस्त करू नका. मीटर मुळात तसेच बनवतात. कमी दाखवत असेल, तर मात्र तो दुसऱ्याच गाडीचा आहे.

राहिला किलोमीटरचा आकडा. कित्येक जुन्या गाड्यांवर तो पाचच अंकी असतो. 99,999 नंतर गाडी कायद्याने नव्हे, पण काचेआड नवी होते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांनो, ‘एकहाती वापरलेली, फक्त अठरा हजार’ हे ऐकून घ्या, मान डोलवा आणि खाली बसून फूटरेस्टचं रबर नि ब्रेक पेडलवरच्या खाचा बघा. खाचा गुळगुळीत झालेल्या दिसल्या, तर भाव पेडल बघून करा.