तारांची जमाबंदी

मोटारीच्या इंजिनाचे दुखणे राजरोस असते. ते धूर सोडते, खोकते, तेल ओकते आणि मालकापासून नाक्यावरच्या पोरांपर्यंत सर्वांस रोगाची जागा बिनचूक दाखवून देते. वायरिंगच्या दुखण्यात मात्र आरोपी एक, फिर्यादी दुसरा आणि खरा गुन्हेगार डॅशबोर्डामागील अंधारात तिसऱ्याच ठिकाणी स्वस्थ बसलेला असतो. ब्रेक दाबावा तो पार्किंगचे दिवे मिणमिणावेत, हॉर्न वाजवावा तो वायपरने अर्धा हेलपाटा घालून मध्येच थबकावे, असे चमत्कार नित्य घडू लागले म्हणजे सुज्ञ मालकाने ओळखावे की, तारांच्या राज्यात बेबंदशाही माजली असून आता किरकोळ बंदोबस्ताने भागणार नाही.

आमच्या १९५३ सालच्या मॉरिस मायनरमध्ये ही बेबंदशाही पुष्कळ वर्षे सुखाने नांदत होती. अ‍ॅलेक इसिगोनिस या कल्पक अभियंत्याने रेखाटलेली ही मोटार १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात अवतीर्ण झाली आणि तिच्या विजेचा कारभार ल्यूकस कंपनीकडे सोपविण्यात आला. याच ल्यूकसला इंग्रजी मोटारींच्या मालकांनी पुढे विनोदाने ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी बहाल केली. त्या काळच्या तारेवर रबराचे वेष्टन आणि त्यावर सुताची वीण असे. कालपरत्वे रबर कडक होऊन तडकते, सूत उंदरांच्या उदरनिर्वाहास लागते, आणि उघडे पडलेले तांबे पत्र्याशी सलगी करण्याची संधी शोधू लागते. भरीस भर म्हणून आजवर ज्या ज्या मिस्त्र्याच्या हाती आमची गाडी गेली, त्याने बिघडलेली तार शोधण्याच्या खटाटोपात न पडता शेजारून एक नवी तार ‘डायरेक्ट’ टाकून दिली होती. आमचे शेजारी नाना हे जमाबंदी खात्यातील निवृत्त शिरस्तेदार, त्यांनी बॉनेटखाली मान घालून तो गुंता न्याहाळला आणि निकाल दिला, “अहो, येथे मालक एक, वहिवाटदार दुसरा, आणि फेरफाराची नोंद एकही नाही. नव्याने मोजणी केल्यावाचून गत्यंतर नाही.”

मोजणी करावयाची हे ठरले; परंतु कोणाच्या साखळीने करावयाची, यावर तीन पक्ष पडले.

पहिला पक्ष अमेरिकेतील आमच्या भाच्याचा. “मामा, इथे सगळं तयार किटमध्ये मिळतं,” असे म्हणून त्याने एका सर्वसंग्राहक संचाची इतकी रसभरित हकिगत सांगितली की, आम्ही क्षणभर आपण मोटार घेत आहो की तारा, हेच विसरलो. या संचात पात्यांच्या फ्यूजची सुबक पेटी असते, तिला एका टोकाने जोडलेल्या लांबच लांब तारा असतात, आणि प्रत्येक तारेवर वीतभर अंतराने तिच्या कामाचे नाव छापलेले असते. आमच्याकडील सरकारी कचेऱ्यांतदेखील कोणत्या मेजावर कोणते काम होते, हे इतक्या उघडपणे लिहिलेले आम्ही कधी पाहिले नाही. परंतु ती नावे वाचू लागलो आणि मन खिन्न झाले. वातानुकूलनाची तार, विजेवर चालणाऱ्या काचांची तार, दारांच्या कुलपांची तार, रेडिएटरच्या विद्युत्पंख्याची तार! आमच्या गाडीत हवा हवी असल्यास काच हाताने फिरवून खाली घ्यावी लागते. स्टार्टरसुद्धा मूठ ओढून चालू करण्याचा; त्यामुळे किल्लीपासून स्टार्टरकडे जाणारी तार आमच्याकडे निव्वळ बिनकामाची नेमणूक ठरली असती. उलट, वळताना दाराच्या खांबातून बाहेर उचलला जाणारा जो इटुकला दिव्याचा हात, ज्याला त्या काळी ट्रॅफिकेटर म्हणत, त्याचा या संचात नामनिर्देशही नव्हता.

याहून गंभीर बाब रंगांची. या संचांतील बहुतेकांचे रंग जनरल मोटर्सच्या वहिवाटीप्रमाणे असतात, तर आमच्या गाडीची नाळ ल्यूकसशी जोडलेली. ल्यूकसच्या राज्यात तपकिरी तार म्हणजे बॅटरीचा थेट, फ्यूजचीही जामीनकी न मानणारा प्रवाह. अमेरिकेत तीच तपकिरी तार मागच्या दिव्यांची गरीब चाकर. ल्यूकसकडे पांढरी तार इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून येणारी, जांभळी फ्यूजमधून सदैव जिवंत. तिकडे जांभळी स्टार्टरची आणि इग्निशनचा मान गुलाबी तारेला. ल्यूकसच्या रंगांवर ज्याचा हात बसला आहे असा कारागीर अमेरिकन तारांच्या गाडीखाली निजला, तर तपकिरी तारेला तो निष्कारण भिऊन राहील आणि खरोखर भिण्याजोग्या तारेला बेधडक पक्कड लावील.

दुसरा पक्ष नाना पेठेतील आमच्या उस्तादांचा. त्यांचे म्हणणे असे की, “साहेब, किट कशाला? वायरची दोन बंडलं आणा, संध्याकाळपर्यंत गाडी उजळून देतो.” ती दोन्ही बंडले लाल राहणार, हे आम्ही चाणाक्षपणे काढून घेतले. रंग कोणता का असेना, दिवा लागल्याशी कारण, ही त्यांची अद्वैतनिष्ठा आम्हांस तत्त्वतः मान्य आहे; परंतु पावसाळी रात्री खंडाळ्याच्या घाटात बॅटरीच्या उजेडात तीस लाल तारांतून एक निवडावयाची वेळ आली म्हणजे माणसास द्वैतच बरे वाटते. शिवाय बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार तांब्याची म्हणून खपविली जाते, तेव्हा टोक खरवडून पाहिल्यावाचून घेऊ नये.

तारेची जाडी ही तर स्वतंत्र फिर्याद आहे. साठ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात; हा प्रवाह एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून पाच मीटर नेला, तर सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच दस्तुरीदाखल कापला जातो. सरकारी अनुदानाचा अनुभव असलेल्या वाचकास यात नवल वाटणार नाही. नवल पुढेच आहे. दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घटत असल्यामुळे एवढ्याशा दस्तुरीने तो सुमारे पाव हिश्शाने कमी होतो. म्हणून दिव्यांना जाड तार द्यावी, आणि शक्य तर रिले बसवून भार बॅटरीकडून परस्पर न्यावा. डॅशबोर्डावरच्या वृद्ध स्विचाने फक्त हुकूम द्यावा, ओझे वाहू नये.

तिसरा पक्ष खुद्द विलायतेचा. जुन्या इंग्रजी गाड्यांचे हार्नेस, म्हणजे तारांचे बांधीव जुडगे, मूळ नमुन्याबरहुकूम तयार करणारे कारखाने तेथे आजही आहेत. नॉटिंगहॅमजवळची ऑटोस्पार्क्स ही त्यांतील एक. त्यांच्याकडे मागणी नोंदविताना जी प्रश्नावली भरावी लागते, तिच्यापुढे आमच्या विवाहसमयीची चौकशी काहीच नव्हती. साल कोणते? चाक उजवीकडे की डावीकडे? डायनॅमो की अल्टरनेटर? ट्रॅफिकेटर की लुकलुकणारे इंडिकेटर? वेष्टन सुताच्या विणीचे की साध्या पीव्हीसीचे? सुती वीण हवी असली तरी आता आतील वेष्टन पीव्हीसीचेच असते, म्हणजे सोवळे बाह्यांगी आणि सुधारणा अंतरंगी, असा हा समन्वय आहे.

येथे नानांनी एक कायदेशीर हरकत उपस्थित केली. आमच्या गाडीत बॅटरीचे धन टोक पत्र्याशी जोडलेले, हल्लीच्या गाड्यांत ऋण. मग तारा चालतील काय? चालतील. तांबे निःपक्षपाती असते, साध्या बल्बासही दिशेचे सोयरसुतक नसते. तक्रार येते ती रेडिओ, एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर अशा नव्या मंडळींची. खरी उणीव निराळीच होती. मूळ गाडीत अवघे दोन फ्यूज, आणि पुढच्या मोठ्या दिव्यांना तर एकही नाही! भर रस्त्यात एकदम अंधार होण्यापेक्षा तार तापलेली बरी, असा त्यामागील इंग्रजी विचार असावा. तेवढ्यापुरती परंपरा मोडून दिव्यांसाठी वेगळी फ्यूजपेटी बसवावी, यावर तिन्ही पक्षांत प्रथमच एकमत झाले.

शेवटी विलायती संचच मागविला. भाच्याने आम्हांस मागासलेले ठरविले आणि उस्तादांनी दोन दिवस अबोला धरला. परंतु नवे वायरिंग अंथरताना प्रत्येक तार स्वतःचा रंग घेऊन थेट आपल्या जागी जाऊ लागली, तेव्हा त्याच उस्तादांनी “गाडी शहाणी झाली, साहेब” असा दाखला दिला. नानांनी वायरिंगच्या नकाशाच्या तीन प्रती काढवून घेतल्या व एकीवर आपली सही केली.

जुनी गाडी बाळगणाऱ्या वाचकांस आमचे एवढेच सांगणे की, किटात किती सर्किटे आहेत हे पाहण्याआधी आपल्या गाडीत किती दिवे, किती मोटरी आणि किती स्विच आहेत यांची फेरिस्त करावी. तुमच्याच मॉडेलसाठी बनविलेला हार्नेस मिळत असल्यास तोच घ्यावा. न मिळाल्यास सर्वसंग्राहक संच जरूर घ्यावा, पण त्याचा नकाशा जिवापाड जपावा. जोड सोल्डरपेक्षा चांगल्या क्रिम्पचे करावेत, कारण सोल्डर केलेली तार जोडाच्या कडेशी ताठ होऊन हादऱ्याने तुटते. अर्थिंगचा पत्रा रंग खरवडून चकचकीत करावा. निम्मी भुते तेथेच उतरतात. आणि काहीही करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवून ठेवावी.