एडवणचा संघ कोणत्या गटात?

शालेय क्रीडा स्पर्धांचं परिपत्रक आलं की शिक्षक हजेरीपट उघडून आधी जन्मतारखा बघतात. 14 वर्षांखालील, 17 वर्षांखालील, 19 वर्षांखालील. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या. एवढं केलं की स्पर्धा न्याय्य झाली, असं आपलं क्रीडा खातं धरून चालतं. शाळेत मुलं किती, शाळेला मैदान आहे का, क्रीडाशिक्षक आहे का, हे सांघिक खेळांची कार्यक्रमपत्रिका काढताना कुणी विचारत नाही. हा न्याय अपुरा आहे, आणि अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत तो धोक्याचाही आहे.

आपला पालघर तालुकाच घ्या. एका टोकाला तारापूर-बोईसर. तिथे 1969 पासून अणुवीज केंद्र आहे, औद्योगिक वसाहत आहे, देशभरातून आलेल्या कामगारांची मुलं आहेत आणि एकेका इयत्तेच्या अनेक तुकड्या भरवणाऱ्या शाळा आहेत. दुसऱ्या टोकाला वैतरणेच्या मुखाकडे सरकत गेलं की एडवण, कोरे, दातिवरे. ही मच्छीमारांची आणि वाडीवाल्यांची गावं. तालुका पातळीवर या दोन्ही टोकांच्या शाळा एकाच गटात, एकाच दिवशी, एकाच मैदानावर उतरतात. एडवणच्या संघाला आधी सफाळे स्टेशन गाठायचं, मग पुढची गाडी पकडायची. त्यात हंगाम पावसाळ्याचा. 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते, घरात हात कमी पडतात, आणि त्याच सुमाराला शाळेचा संघही बांधायचा असतो.

खो-खोला मैदानात 9 जण लागतात, कबड्डीला 7, शिवाय राखीव वेगळे. ज्या शाळेत त्या वयाचे तीनशे मुलगे आहेत तिथे शिक्षक निवड करतात. ज्या शाळेत चाळीस आहेत तिथे जो हजर असेल तो संघात येतो. तोच मुलगा सकाळी कबड्डी खेळतो, दुपारी खो-खो आणि दुसऱ्या दिवशी चारशे मीटर धावतो. दमलेलं पोर लवकर जायबंदी होतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पहिल्याच फेरीत तीस गुणांनी हरून आलेला संघ पुढच्या वर्षी नाव देईलच याची खात्री कोणी द्यावी?

मोठ्या-लहानाचा हा फरक शासनाला कळत नाही असंही नाही. महानगरपालिका हद्दीतल्या शाळांच्या स्पर्धा उरलेल्या जिल्ह्यापासून वेगळ्या होतात आणि त्यांचा विजेता परस्पर विभागावर जातो. मोठ्या शहरासमोर खेड्याला उभं करू नये, हे तत्त्व त्यात मान्य झालेलंच आहे. पण ते पालिकेच्या वेशीपाशीच थांबतं. बोईसर एवढं वाढलं तरी कागदोपत्री ग्रामपंचायतच आहे, म्हणून बोईसर आणि एडवण सारखे! प्रशासनाची हद्द हीच खेळाची हद्द मानली की असं होतं.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये माध्यमिक शाळांचे सामने भरवणारी संस्था 1910 पासून काम करते. ती दर दोन वर्षांनी प्रत्येक शाळेचा पट मोजते आणि शाळांचे सहा वर्ग पाडते. सगळ्यांत लहान वर्गात शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा. त्यांच्या फुटबॉलमध्ये एरवी अकरा खेळाडू लागतात. इतक्या लहान शाळांना ते जमत नाहीत, म्हणून सहा जणांचा वेगळा खेळ 1930च्या दशकापासून चालत आला आहे आणि त्याचीही राज्य अजिंक्यपदं होतात. तिथे लहान शाळेवर कुणी मेहरबानी केलेली नाही. तिला तिच्या तोलाचा प्रतिस्पर्धी दिला आहे.

आणि हे काही परदेशातून आणायला नको. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले ते 57 किलो वजनगटात. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. वजनगट नसते आणि त्यांना शंभर किलोच्या मल्लासमोर उभं केलं असतं, तर आज त्यांचं नाव कुणाला ठाऊक असतं? आपल्या खो-खोतही लहान मुलांचे गट पाडताना वयाबरोबर उंची आणि वजनही धरायची पद्धत होती. मराठी मैदानावरच्या जुन्या माणसांना कळत होतं की जन्मतारीख म्हणजे शरीर नव्हे.

17 वर्षांखालचा गट बघा. त्यात चौदा नुकती ओलांडलेला मुलगाही येतो आणि सतरा गाठत आलेलाही. ही तीन वर्षं म्हणजे अख्खी वयात येण्याची वर्षं. एकाचा आवाज फुटलेला नसतो, दुसरा दाढी करतो. कबड्डीत वजनाची मर्यादा आहे, हे खरं. संघटनेच्या नियमांत किशोर गटाला ती घालून दिलेली आहे. पण ती वरची मर्यादा. खालून 36 किलोचा मुलगाही त्याच संघात, त्याच पकडीत. फुटबॉल आणि हँडबॉलमध्ये तर वजनाची विचारणाच नाही. गोळाफेकीत मात्र आपण किती काटेकोर! 18 वर्षांखालच्या मुलांना 5 किलोचा गोळा, 20 वर्षांखालच्यांना 6 किलोचा, मोठ्या पुरुषांना 7.26 किलोचा. किशोरांसाठी कबड्डीचं मैदानही लहान, 11 बाय 8 मीटर. गोळ्याचं वजन ठरवलं, मैदान मापलं, समोरच्या खेळाडूचं अंगमान तेवढं राहिलं. इंग्लंडमधल्या फुटबॉल अकादमींनी गेल्या दशकात जन्मवर्षाऐवजी शरीराच्या वाढीनुसार मुलांचे संघ करून सामने खेळवून पाहिले. लहान चणीच्या मुलांना त्यात खेळ दाखवायला जागा मिळाली.

यावर ठरलेलं उत्तर येतं : गट वाढले की सामने वाढतात, पंच वाढतात, खर्च वाढतो. वाढेल, थोडा. पण आदिवासी विकास विभाग जव्हार आणि डहाणू प्रकल्पांतल्या आश्रमशाळांच्या स्पर्धा वेगळ्या भरवतोच ना? सारख्या परिस्थितीतल्या शाळा एकमेकींशी खेळतात, आणि पोरं मन लावून खेळतात. दुसरं उत्तर असं की पाणी असेल तर खेड्यातलं पोर कुठूनही वर येईल. एकटं धावणारं पोर येईलही. पण संघ एकट्या पोराचा होत नसतो. आणि इथे फक्त ढालीचा प्रश्न नाही. जिल्ह्यापासून वरच्या कामगिरीवर दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. तालुक्यातच बाद होणाऱ्या शाळेच्या मुलांना सांघिक खेळातून या दाराशी पोचताच येत नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेचा पट यू-डायस प्रणालीत दरवर्षी भरलेला असतो, नव्यानं मोजायला नको. त्यावरून तालुका पातळीवर सांघिक खेळांत मोठ्या पटाच्या आणि लहान पटाच्या शाळा असे दोन गट करा आणि दोन्हींचे विजेते जिल्ह्याला पाठवा. 17 वर्षांखालच्या कबड्डीत एक हलका वजनगट जोडा. सुरुवात एकट्या पालघर तालुक्यात, एकट्या कबड्डीत आणि खो-खोत झाली तरी चालेल.

हंगामाआधी तालुक्याची नियोजन बैठक होते. किनाऱ्यावरच्या शाळांच्या मुख्याध्यापकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी तिला रिकाम्या हातानं जाऊ नये. आपल्या शाळेचा पट, गेल्या काही वर्षांतले निकाल आणि जायबंदी झालेल्या मुलांची संख्या एका कागदावर लिहून न्यावी, आणि ही मागणी इतिवृत्तात नोंदवूनच उठावं. पालकांनो, तुमच्या शाळेनं हे केलं का, एवढं विचारा.