बंदुकांची एकादशी

अमेरिकेत बंदुकांचे बाजार भरतात, आणि त्या बाजारात भरलेली बंदूक न्यायला बंदी असते. हे मी आमच्या भिशीत सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, “मग घेऊन काय जायचं, छत्री?” तिला वाटलं आत बंदुकाच नसतात. तसं नाही. आम्ही गेलो त्या बाजारात बंदुका टेबलांवर ओळीनं मांडलेल्या होत्या, खोक्यांत होत्या, लोकांच्या खांद्यावर होत्या. फक्त त्या दिवशी सगळ्या बंदुकांना एकादशी होती, तीही निर्जळी. पोटात दाणा नाही.

गाव टेक्सासातलं, म्हणून जास्त नवल. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्यानं अपात्र न ठरलेल्या माणसाला पिस्तूल कमरेला लावून हिंडायला परवानासुद्धा लागत नाही. लेकीकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात किराणा-दुकानाच्या फ्रिजपाशी मला असे एक गृहस्थ भेटले. पट्ट्याला पिस्तूल, हातात दह्याचा डबा. दही बिनचरबीचं होतं. डब्यावरचं बारीक अक्षर ते इतक्या काळजीनं वाचत होते की एवढं तब्येतीला जपणाऱ्या माणसाला घाबरावं की नाही, हे मला ठरवता येईना.

तर अशा मुलखात बंदुकांचाच बाजार, आणि त्याच्याच दारात “रिकामी करून या” म्हणतात.

आम्हाला तिथे नेलं लेकीच्या शेजारच्या काकांनी. काका सत्तरी ओलांडलेले, आवाज मऊ, टोपी कायम डोक्यावर. आमच्या ह्यांनी त्यांना कधीतरी सांगून ठेवलं होतं की आमच्या बँकेच्या सातारच्या शाखेत दुनळी बंदूक होती. ते खरंच होतं. ती आमच्या रखवालदारांच्या खांद्याला असायची. रखवालदार म्हणजे अपशिंगे मिलिटरी गावचे निवृत्त सुभेदार, आणि ती दुनळी त्यांनी माझ्या उभ्या नोकरीत फक्त २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला पुसायला खाली उतरवली. पण ह्यांच्या सांगण्याचा सूर असा होता की काकांना वाटलं, सातारा म्हणजे दुसरं टेक्सासच. त्यांनी शनिवारचं आमंत्रण देऊन टाकलं.

लेकीनं निघायच्या आधी आम्हाला सोफ्यावर बसवून समज दिली. “आई-बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. कशालाही हात लावायचा नाही.”

“नुसतं हातात घेऊन बघायला काय जातं?” ह्यांनी विचारलं.

जावयांनी लॅपटॉप उघडलाच होता. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही गुन्हा. हे पर्यटकाला लागू, आणि तिथे वर्षानुवर्षं नोकरी करणाऱ्या एच-वन-बी वाल्यालाही. “पण एक अपवाद आहे, बाबा,” जावई म्हणाले. “शिकारीचा परवाना असेल तर चालतं.”

“तो कुठे मिळतो?”

“वॉलमार्टमध्ये.”

ह्यांचा चेहरा उजळलेला पाहून लेकीनं लॅपटॉप मिटला. ज्या माणसानं आयुष्यात झुरळ मारायलाही मला हाक मारली, तो हरणाच्या शिकारीचा परवाना आणि कोथिंबिरीची जुडी एकाच बिलावर आणायला निघाला होता.

बाजार भरला होता गुरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या एका प्रचंड हॉलमध्ये. तिकीट काढलं, आणि पुढे पाटी. माझं माहेर नारायण पेठेतलं, त्यामुळे पाट्यांच्या बाबतीत मी सहसा कुणाला दाद देत नाही. पण टेक्सासपुढे मी हात टेकले. परवानाधारकानं लपवलेलं पिस्तूल आत आणू नये असं सांगायचं असेल तर दंडसंहितेच्या कलम ३०.०६ ची पाटी, उघड लावलेलं आणू नये असं सांगायचं असेल तर ३०.०७ ची. मजकूर कायद्यानंच ठरवून दिलेला, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. अक्षरं कमीत कमी एक इंच उंच आणि पाटीच्या रंगावर उठून दिसणारी. काका म्हणाले, अक्षर इंचापेक्षा कमी भरलं तर ती पाटी कायद्याच्या दृष्टीनं पाटीच नाही, असा वाद घालणारे लोक आहेत. मी विचारलं, लोक काय मोजपट्टी घेऊन हिंडतात? ते म्हणाले, “काही हिंडतात.”

पाटीपलीकडे एक टेबल आणि टेबलामागे गणवेशातला पोलीस. काकांनी आपलं पिस्तूल गाडीतच रिकामं केलं होतं. पोलिसानं ते घेतलं, मॅगझिन काढलेलं आहे ना पाहिलं, वरचा भाग मागे ओढला, आत विजेरी मारून डोकावला, आणि एक प्लॅस्टिकची पट्टी त्याच्या पोटातून ओवून करकचून आवळली. आपल्याकडे तारांच्या भेंडोळ्याला बांधतात तीच पट्टी. आता ते पिस्तूल झाडता येणार नव्हतं, नीट मिटतही नव्हतं. काकांनी ते तसंच आ वासलेलं परत कमरेला लावलं.

आमच्या पुढे एक आजी होत्या, विणलेला स्वेटर आणि तोंडात खडीसाखरेसारखं काहीतरी. पोलिसानं नम्रपणे विचारलं, “मॅम, काही आहे का?” आजींनी पर्समधून एक छोटं पिस्तूल काढलं. मग “अरे हो” म्हणून आणखी एक काढलं. दोन्हींना पट्ट्या लागल्या. नंतर पोलिसानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पर्समध्ये सुपारीची डबी, क्रोसिन आणि घड्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. त्यानं त्या पिशव्या जरा जास्तच वेळ पाहिल्या.

आत गेल्यावर मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि ह्यांनाही बांधायला लावले. परीक्षेच्या दिवशी वर्गांतून फिरणारे हेडमास्तर फिरतात तसे आम्ही दोघं फिरलो, आणि गंमत म्हणजे त्यामुळे आमच्याबद्दल आदर वाढला. विक्रेते आम्हाला मोठे जाणकार समजून माहिती सांगू लागले.

तिथे सगळंच होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या रायफली, गुलाबी दस्त्याची पिस्तुलं, शेरावर विकावीत तशी काडतुसं. त्यांच्या शेजारी सुकवलेलं गोमांस, चांदीचे दागिने, लोणची. काही लोक स्वतःचीच रायफल खांद्यावर टाकून गर्दीत हिंडत होते. नळीत एक काडी खोचलेली, काडीला कागदी झेंडा, झेंड्यावर किंमत.

एका टेबलामागच्या मिशाळ गृहस्थांनी आम्हाला बंदुकीचा पहिला नियम शिकवला. प्रत्येक बंदूक नेहमी भरलेलीच आहे असं समजायचं. हा नियम जेफ कूपर यांचा, १९७६ मध्ये अ‍ॅरिझोनात नेमबाजीची प्रसिद्ध शाळा काढणारे तेच. मला हे फारच आवडलं. दारावरचा पोलीस स्वतः विजेरी मारून खात्री देतो की इथली एकही बंदूक भरलेली नाही, आणि आतला प्रत्येक शहाणा माणूस धरून चालतो की सगळ्या भरलेल्याच आहेत. आमच्या बँकेत लेखापरीक्षक आणि शाखाधिकारी यांचं नातं नेमकं याच पायावर उभं असायचं.

आणि लेखापरीक्षकाचा अनुभव असा की शंका घेणारा सहसा हरत नाही. १९ जानेवारी २०१३ ला अमेरिकेत बंदुकांच्या कौतुकाचा दिवस साजरा झाला. त्या एकाच दिवशी तीन राज्यांतल्या तीन बंदूक-प्रदर्शनांत चुकून गोळ्या सुटल्या आणि पाचजण जखमी झाले. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात दारावरच तपासणीसाठी पिशवीची चेन उघडताना शॉटगन उडाली. ओहायोत एक विक्रेता पिस्तूल तपासत होता, ते उडालं आणि त्याच्या मित्राला लागलं. तिसरा इंडियानापोलिसचा. तो प्रदर्शन बघून सुखरूप बाहेर पडला, गाडीपाशी पिस्तूल पुन्हा भरायला गेला आणि स्वतःच्याच हातावर गोळी झाडून बसला. पाचहीजण वाचले म्हणून मी हसू शकते. पण कौतुकाच्या दिवशी सत्कारमूर्तीनंच असं वागावं!

तेव्हा ती प्लॅस्टिकची पट्टी म्हणजे ढोंग आहे असं मला अजिबात वाटत नाही. उलट त्या सबंध हॉलमधली तीच सर्वांत शहाणी वस्तू. शस्त्र जवळ असलं की माणूस सुरक्षित, असं ही मंडळी सगळ्या जगाला सांगतात आणि मनापासून सांगतात. पण चार-दोन हजार शस्त्रधारी एका छपराखाली जमणार म्हटलं की आधी पट्ट्यांची खोकी मागवतात. आपल्या माणसांना ती पुरती ओळखून आहेत. धंद्यातल्या लोकांचं सर्वांत मोठं प्रदर्शन लास वेगासला भरतं, शॉट शो नावाचं. तिथे मांडलेल्या बंदुकांच्या फायरिंग पिनाच काढून घेतात, आणि पाहुण्याला स्वतःची बंदूक आणूच देत नाहीत. मे २०१८ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशनचं अधिवेशन टेक्सासातल्याच डॅलसमध्ये झालं. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांची भाषणं होती त्या सभागृहात सीक्रेट सर्व्हिसनं बंदुकांना मज्जाव केला. रायफलवाल्यांच्या मेळाव्यात रायफलीच्या हक्कांवरचं भाषण लोकांनी रिकाम्या हातांनी ऐकलं. टाळ्या वाजवायला सोयीचं पडलं असणार.

याची उलटी तऱ्हा ऑस्टिनला, राज्याच्या विधानभवनात. २०१० मध्ये एकानं तिथल्या पायऱ्यांवर गोळ्या झाडल्या, म्हणून दारांवर धातुशोधक यंत्रं बसली. रांगा लागल्या. पण ज्याच्याकडे पिस्तुलाचा परवाना, त्याला रांग नाही. कार्ड दाखवायचं आणि पिस्तुलासकट सरळ आत, कारण सरकारनं त्याची चौकशी आधीच केलेली. झालं, आमदारांच्या मागे फिरणारे मध्यस्थ आणि पत्रकार भराभर परवाने काढू लागले. गोळ्या कुणालाच झाडायच्या नव्हत्या. रांग चुकवायची होती. हे मात्र मला परकं वाटलं नाही.

चौकशीवरून आठवलं. परवानाधारक विक्रेत्याच्या टेबलावर बंदूक घ्यायची तर ४४७३ नंबरचा अर्ज भरावा लागतो आणि केंद्रीय यंत्रणेतून गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासली जाते. ही यंत्रणा १९९८ पासूनची. पण शेजारच्या टेबलावर एखादा साधा माणूस आपल्या घरची बंदूक विकत बसला असेल, तर अशा तपासणीचं बंधन केंद्रीय कायद्यानं त्याच्यावर घातलेलं नाही, आणि टेक्सासनंही नाही. मी बचत खातं उघडायला आलेल्या म्हाताऱ्यांकडून आधार, पॅन आणि दोन फोटो घेण्यात हयात घालवली. त्या दोन टेबलांमधून जाताना मला अक्षरशः कसंतरी झालं.

रिकाम्या हातानं परतायचं नाही म्हणून मी सुऱ्यांना धार लावायचं एक यंत्र घेतलं. विक्रेता वीस डॉलरवर अडून बसला होता. मी पंधरा म्हटलं आणि चालायला लागले. आजूबाजूच्या टेबलांवर एवढी शस्त्रं असताना घासाघीस करणारी बाई त्यानं बहुधा प्रथमच पाहिली. साडेसोळाला दिलं.

बाहेर पार्किंगमध्ये सगळीकडे बारीक कात्र्या चालू होत्या. पट्ट्या कापल्या जात होत्या, मॅगझिनं खटाखट बसत होती. बंदुकांची द्वादशी सुरू झाली होती. इंडियानापोलिसचा किस्सा काकांनीच येताना सांगितलेला, त्यामुळे मी ह्यांना दंडाला धरून गाडीत कोंबलं आणि काच वर केली. जणू काच काही थांबवणार होती.

जेवायला काकांनी एका ठिकाणी गाडी थांबवली. दारापर्यंत गेलो आणि काका थबकले. दारावर पाटी होती, तीवर मोठ्या लाल आकड्यात ५१ टक्के. ज्या जागेचं ५१ टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न तिथेच बसून प्यायच्या दारूतून येतं, तिथे पिस्तूल न्यायचं नाही, असा टेक्सासचा कायदा. काका निमूटपणे वळले, मघाशीच भरून कमरेला लावलेलं पिस्तूल गाडीत ठेवून आले.

ह्यांच्यातला बँकवाला जागा झाला. “आणि ४९ टक्के असेल तर?”

“मग ही पाटी नसती,” काका म्हणाले.

ह्यांनी बराच वेळ मेन्यूकार्डावरच्या किमती न्याहाळल्या, रुमालावर काहीतरी आकडेमोड केली, आणि वेट्रेस आली तेव्हा काकांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसाठी लिंबाचं सरबत मागवलं. “दोन टक्क्यांचाच तर प्रश्न आहे,” ते मला म्हणाले. “संध्याकाळपर्यंत बसलो तर आणू खाली.”